गाडीचा ब्रीदर आणि ताईच्या खेपा

परवा राहुरीहून परत येताना या वर्षीची पहिली ट्रॉली लागली. पुढं ट्रॅक्टर, त्याच्यामागं एकीला एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या, आणि दोन्हींवर उसाच्या मोळ्या अशा रचलेल्या की मागून पाचटाची हलती भिंतच दिसावी. ओव्हरटेक करायला पुढचा रस्ता दिसत नाही, आणि दिसला तर खड्डे दिसतात. मी दुसरा गियर टाकला आणि तिच्यामागून चालत राहिले. थोड्या वेळानं लक्षात आलं, की मी काच खाली करून नाकानं काहीतरी शोधते आहे.

हंगामाचे वास मला पाठ आहेत. सुरुवातीला हिरवट, ओल्या वाढ्यांचा, म्हणजे उसाच्या तोडलेल्या शेंड्यांचा. मग रस्त्यावर पडून चाकांखाली भरडलेल्या उसाचा, थोडा आंबूस. थंडी वाढली की कारखान्याकडून येणारा मळीचा, जो कपड्यांतून जात नाही. मी शोधत होते तो यातला नव्हता. तो जळक्या तेलाचा वास होता, तव्यावर फोडणी विसरल्यासारखा, आणि तो माझ्या गाडीत शेवटचा येऊन तीन वर्षं झाली. तरी ट्रॉलीमागं वेग कमी झाला की नाक आपलं आपण सावध होतं. माणूस दमतं तेव्हा शरीरातल्या एकेका भागाला निरोप पोहोचायला फार वेळ लागतो, असं मला वाटतं. माझ्या नाकाला अजून कुणी सांगितलेलं नाही की ताई आता मागच्या सीटवर नाही.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण, एस्तेर. गावात तिला कुणी नावानं हाक मारली नाही, सगळ्यांची ती ‘सिस्टर’. चौतीस वर्षं जिल्ह्यातल्याच दवाखान्यांत नर्सची नोकरी करून ती कोल्हारला परत आली. मी शाळेत विज्ञान शिकवत होते, मीही निवृत्त झाले. तिनं लग्न केलं नाही, माझे यजमान फार लवकर गेले. वडिलांनी बांधलेल्या चार खोल्यांत आम्ही दोघीच राहायचो. दोघींचं पटायचं, कारण ती बोलायची कमी आणि मी ऐकायचे कमी.

तिच्या किडन्या निकामी झाल्या तेव्हा ती त्रेसष्टची होती. मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस, आणि तेही नगरला. पाट्यांवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, तोंडात मात्र नगरच येतं. जाऊन-येऊन शंभर किलोमीटर, मधे चार तास मशीनवर. पहिली तीन वर्षं आम्ही ते निभावलं, आणि मी सांगते आहे तो चौथा हंगाम.

गाडी आमच्या पप्पांची. ते मिशनच्या दवाखान्यात ड्रायव्हर होते. दवाखान्यानं ही गाडी विकायला काढली तेव्हा त्यांनीच ती घेतली, कारण तिच्या खोडी त्यांच्याशिवाय कुणाला माहीत नव्हत्या. गोल पाठीची, जड पत्र्याची, स्टीअरिंगच्या दांड्यालाच गियर असलेली. वय माझ्याएवढंच असेल. तिचा मागचा सीट म्हणजे दिवाणच. लोक विचारायचे, एखादी नवी छोटी गाडी का नाही करत? पण डायलिसिसवरून येताना ताईच्या पायांत गोळे यायचे. पाय लांब करून आडवं पडता येईल असा सीट दुसऱ्या कुठल्या गाडीत नव्हता. शिवाय परक्या ड्रायव्हरसमोर ओकारी येणं, पदर सुटणं, हे तिला चालणारं नव्हतं. आयुष्यभर तिनं दुसऱ्यांचे पदर सावरले होते.

पप्पांनी मला गाडी चालवायला शिकवली ती बॉनेटपासून. आधी प्लग काढायला, पुसायला, मग स्टार्टर. मुलीनं कशाला, असं ते कधी म्हणाले नाहीत. ताईला त्यात गोडी नव्हती. ती म्हणायची, “मला माणसं पुरतात.”

त्या वर्षी दिवाळीनंतर रस्त्यावर ट्रॉल्या सुरू झाल्या आणि गाडीत वास येऊ लागला. आधी मला वाटलं, बाहेरचाच असेल. पण ट्रॉली मागं पडली, गाडी पन्नासला आली, की वास नाहीसा. पुन्हा ट्रॉली, पुन्हा पंधराचा वेग, पुन्हा वास. डॅशबोर्डखालच्या, पायाजवळच्या पत्र्याच्या फटींतून निळसर धूर वर यायचा. काचा उघडल्या तर पहाटेच्या गारठ्यानं ताई कुडकुडायची आणि मिटल्या तर तिच्या पोटात ढवळायचं. तिच्या मांडीवर आम्ही स्टीलचं पातेलं ठेवू लागलो.

एका गुरुवारी गुहा गावाच्या पुढं ती ओकली. मी गाडी बाजूला घेतली, पाण्यानं तिचं तोंड पुसलं. ती म्हणाली, “शनिवारी नको जाऊ या.”

“अगं, असं कसं?”

“नको जाऊ या म्हणते.”

“वासामुळं ना?” मी विचारलं.

ती बाहेर बघत राहिली. उसाच्या फडात तोडणी चालली होती, कोयत्यांचा आवाज येत होता. मग म्हणाली, “हं. वासामुळं.”

मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. वासाला कारण असतं, आणि कारणाला उपाय. तीस वर्षं मी मुलांना हेच शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी गाडी बबनरावांकडं नेली. बबनराव म्हणजे फाट्यावरचे मिस्त्री, ट्रॅक्टर आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारे. तरुणपणी सुप्याला कारखान्यात फिटर होते. आमच्या गाडीला हात लावणारं तालुक्यात दुसरं कुणी उरलं नव्हतं. त्यांनी इंजिन चालू ठेवून तेल भरायच्या तोंडाचं झाकण काढलं. तिथून भका-भका धूर आला. त्यांनी झाकण परत लावलं आणि हात पुसत म्हणाले, “बाई, पिस्टनच्या रिंगा गेल्यात. इंजिन खोलावं लागंल.”

“किती दिवस?”

“सामान शोधून आनायचं म्हंजी… धरा पंधरा-वीस दिस.”

माझ्याकडं एका वेळी एक दिवस होता. बुधवार, शुक्रवार, रविवारी चर्चनंतरचा अर्धा, आणि सोमवार. गाडी वीस दिवस बंद ठेवणं म्हणजे ताईच्या आठ-नऊ खेपा. मी बबनरावांना म्हटलं, “खोलायचं नाही. धूर आत येणार नाही एवढंच करा.”

ते इंजिनाच्या बाजूला वाकले आणि खाली गेलेली एक नळी मला दाखवली. जुन्या इंजिनांना ही असते. पिस्टनच्या कडेनं, रिंगांना चुकवून, थोडा गॅस खाली इंजिनाच्या पोटात निसटतोच. तो तिथं कोंडला तर तेलाला जिथं फट मिळेल तिथून बाहेर ढकलतो. म्हणून त्याला वाट करून देणारी नळी, तिला ब्रीदर म्हणायचं. आमच्या गाडीची ही नळी सरळ गाडीखाली सोडलेली. गाडी जोरात पळते तेव्हा खालून जाणारा वारा नळीतला धूर ओढून नेतो. गाडी रांगते तेव्हा ओढायला वाराच नसतो, आणि धूर तिथंच घुटमळून फटींतून वर येतो. रिंगा चांगल्या असताना तो चिमूटभर असायचा, आता ओंजळभर झाला होता. ही गाडी ज्यांनी बनवली त्यांच्या डोळ्यांसमोर मोकळे रस्ते असणार. हंगामातला नगर-मनमाड रस्ता त्यांनी कुठून बघितलेला असणार?

“मंग ह्याचं त्वांड मागं न्यू,” बबनराव म्हणाले. “सायलेन्सरच्या बी मागं.”

आम्ही तेच केलं. नळीला रबरी नळी जोडली, ती गाडीखालून तारेनं बांधत थेट डिकीपाशी नेली. मी पाठीखाली पोतं टाकून गाडीखाली झोपले होते, बबनराव वरून पकडी देत होते. साठीच्या बाईनं गाडीखाली झोपणं हे फाट्यावर बघण्यासारखं होतं, आणि लोकांनी ते बघितलं.

शनिवारी वास दुप्पट आला. नळी लांब होती आणि बारीक होती. एवढा धूर तिच्यातून जाईना. आत दाब वाढला आणि तेल मोजायच्या पट्टीच्या भोकातून तेल उडून इंजिनाजवळच्या सायलेन्सरच्या गरम नळीवर पडू लागलं. विळदच्या घाटात बॉनेटमधून धूर येताना बघून एका टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवून आम्हाला थांबवलं. गाडी पेटली असं त्याला वाटलं होतं. ताईनं पातेलं दोन्ही हातांनी धरलं होतं. तिनं मला एका शब्दानं बोल लावला नाही. त्या दिवशी मशीनवर तिचं ब्लडप्रेशर खाली गेलं, तिला एक तास आधीच उतरवावं लागलं.

आता मागं वळून बघते तर तो डिसेंबर मला दिवसांच्या नव्हे, खेपांच्या हिशेबात आठवतो. पाच वाजता उठायचं, तिच्यासाठी उपमा, बिनमिठाचा. गरम पाण्याची पिशवी. फाईल, गोळ्या, पांघरूण, पातेलं. साडेसहाला निघायचं, प्रवरेच्या पुलावर धुकं. नगरला पोहोचून तिला आत सोडायचं आणि चार तास गाडीत बसायचं. मी पुस्तक न्यायचे आणि एकाच पानावर असायचे. दुपारी तिला पिळलेल्या फडक्यासारखी बाहेर आणायचे. घरी येऊन ती झोपायची आणि मी तिच्याकडं बघत बसायचे नाही. मी अंगणात जाऊन बॉनेट उघडायचे. तिथं काहीतरी करण्यासारखं होतं.

नाताळ गेला. बबनरावांनी दुसरा उपाय सुचवला. नळी बाहेर सोडायचीच नाही, ती एअर फिल्टरच्या डब्यात जोडायची. म्हणजे धूर इंजिनच परत ओढून घेईल आणि जाळून टाकेल. “नव्या गाड्यांना आसंच आस्तंय,” ते म्हणाले. या वेळी आम्ही जाड नळी घेतली. मंगळवारी जाताना वास नाही. येताना वास नाही. गुरुवारीही नाही. मी ताईला आरशातून विचारलं, “कसं वाटतंय?” ती म्हणाली, “छान आहे.” तिचा आवाज छान नव्हता, पण मी वासाबद्दल विचारलं होतं आणि वासाबद्दलचंच उत्तर घेतलं.

शनिवारी परत येताना राहुरीच्या अलीकडं इंजिन अडखळलं, फटफटलं आणि बंद पडलं. मागं निळ्या धुराचा लोट. जुन्या रिंगांमुळं धुराबरोबर तेलही वर येत होतं. इंजिन ते सगळं पीत होतं, आणि प्लगांवर तेलाची काळी साय धरली होती. दुपारचा एक वाजला होता. ताईच्या पायांत गोळे आले. ती कधी ओरडायची नाही, दातांत ओठ धरून कण्हायची.

रस्त्याच्या कडेलाच ऊसतोडणीवाल्यांची ट्रॉली भरत होती. त्यातली एक बाई मोळी टाकून आमच्याकडं आली. चाळिशीची असेल, पाथर्डीकडची. डोक्याला फडकं, हातांना उसाच्या कुसाचे ओरखडे. तिनं न विचारता मागचं दार उघडलं, ताईचे पाय मांडीवर घेतले आणि पोटऱ्या दाबू लागली.

“वढत्यात का मावशी? आमचं बी वढत्यात सांजच्याला. अंगठा आसा वर धरा.”

मी दोघींना तिथं सोडून प्लग काढायला घेतले. चार प्लग, तारेच्या ब्रशनं घासायचे, पेट्रोलमधे बुडवायचे, पुसायचे, परत बसवायचे. अर्धा-पाऊण तास गेला असेल. बॉनेट उघडं होतं, त्यामुळं मला मागचं काही दिसत नव्हतं. दोघींचा बोलण्याचा आवाज मात्र येत होता. ताई बोलत होती. बरंच बोलत होती. मधे एकदा ती बाई म्हणालेली मला ऐकू आलं, “व्हय मावशी. व्हय. खरंय तुमचं.” मला वाटलं, गोळ्यांबद्दल असेल, पायांच्या.

गाडी चालू झाली. मी त्या बाईला नाव विचारायलाही विसरले. तिनं ट्रॉलीवरून दोन उसाची कांडकी काढून माझ्या हातात दिली आणि ताईच्या गालावरून हात फिरवून गेली. मला ते थोडं जास्त वाटलं, अर्ध्या तासाच्या ओळखीला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी चर्चला गेले नाही. बबनरावांना घरीच बोलावलं आणि आम्ही अंगणात बॉनेट उघडून उभे राहिलो. नळी बाहेर सोडली तर वास, आत जोडली तर तेल. ताई ओट्यावर उन्हात खुर्ची टाकून बसली होती. बबनराव मला म्हणाले, “सिस्टरला इचारा. त्यान्ला ठावं आसंल.” ते थट्टेत म्हणाले नव्हते. त्यांच्या दोन्ही मुली ताईच्या हातावर झालेल्या. तिला माहीत नाही असं काही जगात असेल यावर त्यांचा विश्वास नव्हता.

मी तिला सांगितलं. इंजिनात धूर जायला पाहिजे, तेल जायला नको, अशी अडचण आहे.

ती म्हणाली, “मग मधे बाटली ठेवा.”

“कसली बाटली?”

“सक्शनची. ऑपरेशनला असते ती. पेशंटकडून येणारी नळी बाटलीत येते, मशीनकडं जाणारी नळी बाटलीतून निघते. रक्त-पाणी जड, ते बाटलीत तळाला पडतं. मशीनकडं नुसती हवा जाते. नाहीतर मशीनच बिघडेल ना?” तिनं माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि फाईलमधल्या एका रिपोर्टच्या पाठीवर चित्र काढलं. बाटली, झाकणातून दोन नळ्या. “आत येणारी खालपर्यंत सोडा. बाहेर जाणारी झाकणाशीच ठेवा. आणि जाड घ्या दोन्ही. बारीक नळी तुंबते, हे तर शिकाऊ पोरींनाही सांगावं लागत नाही.”

बबनरावांनी तो कागद दोन्ही हातांत धरून बघितला. “हे बेस हाय,” ते म्हणाले. “लई बेस हाय.”

बाटली काचेची चालणार नव्हती. मी घरातून झाकणाची स्टीलची दुधाची किटली आणली. बबनरावांनी झाकणाला दोन भोकं पाडून पाईपाचे तुकडे झाळले. किटलीत आम्ही भांडी घासायच्या स्टीलच्या चार घासण्या कोंबल्या, म्हणजे धूर त्यांतून जाताना तेल त्यांना चिकटून खाली ठिबकेल. झाकणाला रबर लावलं, पट्टीनं आवळलं. किटली बॅटरीशेजारी बसवली. इंजिनाच्या ब्रीदरची नळी किटलीत, किटलीतली नळी एअर फिल्टरला. संध्याकाळी उन्हं कलताना इंजिन चालू केलं आणि अर्धा तास एका जागी तसंच ठेवलं. ताईनं ओट्यावरून खाली येऊन गाडीत बसून बघितलं. दोन-तीनदा हुंगलं.

“नाही येत,” ती म्हणाली. आणि पुन्हा एकदा हुंगून, “खरंच नाही येत गं.”

तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं त्याला मी समाधान म्हटलं. तिच्या चित्रावरून झालेलं काम होतं, समाधान असणारच. पण त्यात आणखीही काहीतरी होतं, ते मी वाचलं नाही. आपण दमलेले असलो की समोरच्या चेहऱ्यावरचं अर्धंच वाचतो, आपल्याला पुरेल तेवढं.

पुढचे तीन आठवडे गाडी गुणानं चालली. ट्रॉलीमागं पंधराच्या वेगानं, सकाळी काचा मिटून, आणि आत फक्त ताईच्या निलगिरीच्या तेलाचा वास. आठवड्याला एकदा मी किटली काढून रिकामी करायचे. थंडीमुळं तेलात पाणी मिसळून दुधाच्या चहासारखं गढूळ काहीतरी निघायचं, वाटीभर. मी ते ताईला नेऊन दाखवायचे, नर्स डॉक्टरला दाखवते तसं. ती मान डोलवायची.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी मी अशीच वाटी घेऊन आत गेले. ती पलंगावर उशीला टेकून बसली होती. वाटीकडं तिनं बघितलं नाही.

“सुलू, ते खाली ठेव आणि बस.”

मी हात पुसून बसले.

“आता वास येत नाही ना गाडीत?”

“नाही. अजिबात नाही.”

“मग मला आता खरं कारण सांगायला पाहिजे,” ती म्हणाली. “मला जायचं नाही सुलू. उद्या नाही, आणि परत कधीच नाही. मी दमले.”

मी काय काय म्हणाले ते सगळं मला आठवत नाही. जे आठवतं ते लिहिण्यासारखं नाही. मी म्हणाले, एवढं सगळं केलं ते कशासाठी? मी म्हणाले, देवाला काय सांगशील? ती ऐकत राहिली. असं तिनं हजारो नातेवाइकांचं ऐकलेलं होतं. मग मी विचारलं, “कधीपासून वाटतंय हे?”

“दिवाळीपासून.”

“मग बोलली का नाहीस मला?”

“तू गाडीखाली होतीस,” ती म्हणाली.

तिच्या आवाजात बोल नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. नंतर तिनं सांगितलं, की एका माणसाला तिनं ते आधी सांगितलं होतं. राहुरीजवळच्या त्या ऊसतोडणीच्या बाईला. “तिनं विचारलं, मावशी, लई दमलाव का? तसं कुणी विचारलंच नव्हतं. म्हणून सांगितलं.”

त्या बाईचं मला वाईट वाटलं नाही, माझं वाटलं. पहाटेपासून मोळ्या वाहणारी, स्वतःचे पाय ओढत असलेली बाई येऊन सरळ एक प्रश्न विचारते. आणि मी, जिनं तीन महिने या बहिणीसाठी नळ्या कापल्या, पाठ मोडून घेतली, मी रोज दुसराच प्रश्न विचारत होते, ज्याचं उत्तर मला दुरुस्त करता येईल असा. मी केलं ते सगळं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. ती शेवटचे तीन आठवडे ओकली नाही, पाय पसरून शांत झोपत आली, हेही झालंच. पण कष्ट आणि सोबत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दमलेल्या माणसाला त्या एकच वाटतात.

आणखी दोन खेपा केल्या आम्ही, माझ्यासाठी. ती म्हणाली, “तुझी तयारी होईपर्यंत येते.” दुसऱ्या खेपेला आम्ही डॉक्टरांशी बोललो. ते तरुण होते. आधी तिच्याशी एकटीशी बोलले, मग दोघींशी. शुद्धीवर असलेल्या, समजून उमजून सांगणाऱ्या पेशंटला ‘नाही’ म्हणता येतं, असं त्यांनी मला समजावलं. धाप लागली तर काय द्यायचं, कधी फोन करायचा, सगळं लिहून दिलं. ताईनं त्यांच्या लिहिण्यातली एक चूक दुरुस्त केली, गोळीच्या मात्रेची. त्यांनी उठून तिला नमस्कार केला.

शेवटच्या खेपेनंतर बाराव्या दिवशी सकाळी ती गेली. आमच्याकडचे पास्टर होते, बबनराव दारात उभे होते, मी तिचा हात धरला होता. फडांतला ऊस संपत आला होता, तोडणीवाल्यांच्या कोप्या, त्या पाचटाच्या झोपड्या, मोडायला लागल्या होत्या. उन्हाळ्यात बबनरावांनी सवडीनं इंजिन खोललं, नव्या रिंगा टाकल्या. त्यांना वीस नाही, सव्वीस दिवस लागले. मला कुठं जायचंच नव्हतं. लोक आता विचारतात, एकटीला एवढी मोठी गाडी कशाला? मी म्हणते, सवय आहे. त्यापुढं सांगायला लागले तर फार वेळ जातो.

पण त्या हंगामातलं मला सगळ्यात जास्त आठवतं ते या बारा दिवसांतलं, तिसऱ्या दिवसाचं. डायलिसिसच्या माणसाला किती गोष्टी वर्ज्य असतात ते घरच्यांनाच कळतं. मीठ नाही, पाणी मापानं, नारळपाणी नाही, बरीचशी फळं नाहीत. चार वर्षं तिनं ते पाळलं होतं, नर्सच ती. तिसऱ्या दिवशी दुपारी रस्त्यावर पेरूवाला ओरडत चालला होता, राहात्याकडचे पेरू. ताई म्हणाली, “घे गं एक.”

मी उठले. त्या तीन दिवसांत मी तिच्या खोलीतून फारशी उठले नव्हते. अंगणाकडं फिरकले नव्हते. एक मोठा, पिवळसर, आतून गुलाबी निघालेला पेरू मी तिच्यासमोरच पलंगावर बसून कापला. चार फोडी केल्या. पहिल्या फोडीला मी सवयीनं चिमटीच्या टोकावर मावेल एवढंच मीठ लावलं आणि तिच्या हातात दिली. तिनं चावा घेतला, डोळे मिटले, सावकाश चावत राहिली. ओठांच्या कोपऱ्यातून रस आला तो तिनं हाताच्या पाठीनं पुसला, लहान मुलीसारखा. मग डोळे न उघडताच तिनं उरलेली फोड माझ्यापुढं धरली.

“मीठ अजून,” ती म्हणाली.

मी बोटं भरून लावलं.